बाह्यवळणातले ‘बाह्य’

एकोणिसाव्या शतकात पनवेल ओळखले जाई ते बैलगाडीच्या चाकांसाठी. देशावरचा माल घेऊन घाट उतरलेला गाडीवान इथे गाडी रिकामी करी, माल बंदरातून होड्यांनी मुंबईला जाई आणि परतीचा घाट चढण्याआधी गाडीवान चाकांची नवी जोडी विकत घेई. १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता खुला झाला आणि त्या रस्त्याने पनवेलच्या या धंद्याला बळ दिले. पुढे १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली. ती कल्याण-कर्जतवरून गेली, पनवेलच्या वाट्याला आली नाही. आजच्या बोलीत सांगायचे तर पनवेलचा बायपास झाला. गावाचा बाजार तिथेच बसायला हवा होता. पण त्यानंतर वीस वर्षांनी निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरातही पनवेलचा मुख्य धंदा म्हणून चाकांचीच नोंद आहे. लांब पल्ल्याचा माल रेल्वेने उचलला, तरी रुळांपासून दूरच्या गावांच्या गाड्या घाट उतरतच राहिल्या असणार. मग मोटारींचा काळ आला, आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीहून निघून गावाच्या कडेने पुढे गेला. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. दोनदा वळसा पडलेले गाव बुडाले तर नाहीच, उलट महानगर झाले.

वाढत्या शहराने महामार्गाला बाहेरून वाट काढून द्यावी का, हा वाद महाराष्ट्रात दर काही वर्षांनी कुठल्या तरी गावात पेटतो, आणि त्यात पनवेलसारखी उदाहरणे कोणी काढत नाही. रस्त्याकडेचे व्यापारी म्हणतात, गिऱ्हाईक जाईल. ज्यांच्या रानातून आखणी जाते ते म्हणतात, जमीन जाईल. महामार्गालगत राहणारे म्हणतात, ट्रक एकदाचे जाऊ देत. तिघांचेही म्हणणे पहिल्या दहा वर्षांपुरते खरे असते. पण बायपासचे बरे-वाईट ठरते ते त्यानंतर, आणि ते दोन गोष्टींवर ठरते. नव्या रस्त्याच्या दोन्ही कडांना कोण आणि किती काळ ‘इथे नाही’ असे म्हणत राहणार, ही पहिली. गावातला जो रस्ता मोकळा झाला तो कोणाच्या हवाली करणार, ही दुसरी. पुण्याच्या पश्चिमेचा देहूरोड-कात्रज बायपास हा या दोन्हींचा महाराष्ट्रातला सगळ्यात बोलका दाखला आहे. पुण्याने बायपास बांधला ही चूक नव्हती. बांधून झाल्यावर काम संपले असे मानले, ही चूक होती.

आधी जुना रस्ता पाहू. मुंबईहून बंगळूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक तेव्हा ४ होता आणि २०१० च्या फेरआखणीत ४८ झाला, तो निगडी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी असा येऊन मुळा ओलांडी, बोपोडी-खडकी-वाकडेवाडीवरून शिवाजीनगरला पोचे, शहराच्या मधोमध वाट काढत स्वारगेट गाठी आणि सातारा रस्त्याने धनकवडी, कात्रज करत जुन्या बोगद्यातून पलीकडे उतरे. या रस्त्याचा उत्तरेकडचा अर्धा भाग एका पिढीत पार बदलला. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीचा माळ कारखान्यांनी भरला. १९८२ मध्ये या पट्ट्याची वेगळी महानगरपालिका झाली. महामार्ग होता म्हणून कारखाने आले, कारखान्यांच्या मागे कामगारांच्या चाळी आणि मग सोसायट्या आल्या, आणि वस्ती दाटल्यावर महामार्ग हा त्या वस्तीचा मुख्य रस्ता होऊन बसला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. रस्ता वस्तीला ओढतो आणि वस्ती रस्त्याला गिळते, हे चक्र पुणेकरांनी बायपासची पहिली खडी पडण्याआधीच आपल्या डोळ्यांनी पुरते पाहिले होते.

शहराला त्या ट्रकांचा जाच होता तसा थोडा मोहही होता. जकात हे महापालिकांच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी नाका असे. शहरात एक पोतेही न उतरवता पुढे जाणाऱ्या ट्रकलाही नाक्यावर थांबून कागद करावे लागत; तिथे रांग लागे, रांगेच्या आधाराने चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, खानावळी उभ्या राहत. पुण्यातली जकात २०१३ मध्ये गेली, पण नाका हा शब्द गेला नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी चौकांची नावे अजून नाका म्हणूनच चालतात. कराडला उतरणारा माणूस ‘कोल्हापूर नाका’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जकात नसते, पण गावाची हद्द एके काळी तिथे संपत होती याची ती खूण असते. नाके गावाच्या आत आत सरकत गेलेले दिसतात. सरकते अर्थात गाव.

बायपास पश्चिमेकडून न्यायचे कारण नकाशा समोर ठेवला की समजते. महामार्ग वायव्येकडून येतो आणि दक्षिणेला कात्रजच्या डोंगरातून बाहेर पडतो. या दोन टोकांना जोडणारी जवळची रेषा पश्चिमेकडूनच जाते. पूर्वेला लष्कराची छावणी, लोहगावचा विमानतळ आणि हडपसरचे कारखाने होते. पश्चिमेला टेकड्या, त्यांच्या पायथ्याची गावे आणि भातापासून ज्वारीपर्यंतची शेते. देहूरोडहून रावेत, पुनावळे, ताथवडे, वाकड. मुळा ओलांडून बालेवाडी, बाणेर. मग पाषाण-सूसची खिंड, बावधन, चांदणी चौक. पुढे वारजे, मुठा नदी, वडगाव, नऱ्हे, आंबेगाव आणि कात्रज. तीस किलोमीटरहून थोडी जास्त लांबी. विसाव्या शतकाच्या अखेरीला हा रस्ता दुपदरी होता. सुवर्ण चतुर्भुज योजनेत तो रुंद झाला आणि कात्रजच्या जुन्या अरुंद बोगद्याला पर्याय म्हणून नवा जोडबोगदा खोदला गेला. परंपरा सांगते की १६६३ मध्ये शाएस्तेखानावरच्या छाप्यानंतर पाठलागावरच्या फौजेला चकवायला बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना कात्रजच्या घाटाकडे पिटाळले, आणि फौज त्या उजेडामागे धावली. तेव्हापासून मराठीत कात्रजचा घाट दाखवणे म्हणजे हूल देणे. बायपासचा बेतही तसाच होता: ट्रकांना परस्पर कात्रजचा घाट दाखवायचा. घडले असे की ट्रकांच्या दिव्यांमागे शहरच धावत गेले.

त्या धावेचे आकडे जनगणनेत आहेत. पुणे महापालिकेची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे १५ लाख ६७ हजार होती, २०११ मध्ये ३१ लाख २४ हजार. पिंपरी-चिंचवडची याच वीस वर्षांत ५ लाख १७ हजारांवरून १७ लाख २७ हजारांवर गेली. दोन्ही शहरे मिळून जवळपास २८ लाख माणसे वाढली, आणि त्यातला मोठा भाग ज्या दिशेने सरकला ती पश्चिम होती. बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी क्रीडा संकुल उभे राहिले ते बायपासला खेटून. नव्वदचे दशक संपता संपता हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाचा पार्क आकाराला आला, तोही बायपासच्या पलीकडे. म्हणजे नोकऱ्या रस्त्याच्या पश्चिमेला आणि शहर पूर्वेला. रोज सकाळी हजारो माणसांना जो रस्ता ओलांडायचा होता तो रस्ता ओलांडण्यासाठी आखलेलाच नव्हता. आणि ओलांडायलाच नव्हे, तर त्यावरून चालवायलाही तोच एक होता, कारण वारज्याहून वाकडला किंवा कोथरूडहून बाणेरला टेकड्यांना न भिडता नेणारा दुसरा सरळ रस्ता कोणी बांधलेला नव्हता. बंगळूरला निघालेला कंटेनर आणि कामावर निघालेली स्कूटर एकाच मार्गिकेत आली ती अशी.

यात १९९७ हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पुणे महापालिकेच्या हद्दीभोवतालची ३८ गावे शहरात घेण्यात आली. नंतर काही वगळली गेली आणि २३ राहिली. बाणेर, बालेवाडी, वारजे, वडगाव, धनकवडी, कात्रज ही त्यांतलीच. पिंपरी-चिंचवडमध्येही त्याच वर्षी वाकड, पुनावळे, रावेत, किवळे आली. बायपासचा बराचसा भाग त्या एका वर्षात कायद्याने शहराच्या आत गेला. रस्ता रुंद व्हायच्या आधीच त्याचे ‘बाह्य’पण संपले होते! त्याहून वाईट हे की गावे आत आली तरी त्यांचे विकास आराखडे मंजूर व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. आराखडा नाही म्हणजे आतल्या रस्त्यांची आखणी नाही; आखणी नाही म्हणून प्रत्येक नव्या इमारतीचे तोंड उपलब्ध असलेल्या एकाच मोठ्या रस्त्याकडे. आंबेगाव २०१७ मध्ये आणि सूस, नऱ्हे तर थेट २०२१ मध्ये महापालिकेत आले, तोवर तिथे बांधायचे ते बांधून झाले होते. गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकायची, साध्या कागदावर रस्ता दाखवायचा आणि पुढे नियमित होईल या भरवशावर घर बांधायचे ही पद्धत राज्यभर इतकी रुळली की २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्यासाठी वेगळा कायदाच करावा लागला. महामार्गालगतची शेते या पद्धतीला सगळ्यात सोयीची होती.

परिणाम दोन ठिकाणांच्या नावांनी सर्वांना ठाऊक आहेत. चांदणी चौकात कोथरूडहून येणारा पौड रस्ता, एनडीएकडे आणि मुळशीकडे जाणारे रस्ते आणि महामार्ग असे सगळे एका खिंडीत भिडत. शेवटी तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटके लावून पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल खुले झाले. महामार्गावरचा एक पूल त्याचे आयुष्य संपायच्या फार आधी पाडावा लागतो, याचा अर्थ तो बांधताना त्याच्याखालून आणि वरून पुढे काय जाणार याचा अंदाज कोणी घेतला नव्हता. दुसरे नाव नवले पुलाचे. नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर रस्ता काही किलोमीटर सलग उतरत येतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची चालकांची खोड जुनी आहे, आणि ब्रेक तापून निकामी होण्याची भीतीही. हा उतार मोकळ्या रानात संपला असता तर तो घाटाचा शेवट ठरला असता. तो संपतो ते वडगाव-नऱ्ह्याच्या भर वस्तीत, जिथे सेवा रस्त्यावरून दुचाक्या आत घुसत असतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री उतारावरून आलेल्या एका अवजड वाहनाने एका दमात डझनावारी गाड्या चेचल्या. त्यानंतर वेगमर्यादा आली, कॅमेरे आले, रंबलर आले. पण त्या जागी चूक एका चालकाची किंवा एका उताराची म्हणून निभावत नाही. राष्ट्रीय महामार्ग आणि उपनगराचा मुख्य रस्ता एकाच डांबरावर चालवण्याची ती किंमत आहे.

शहर रस्त्याकडे जाणारच, त्याला कोण अडवणार, असे यावर हमखास म्हटले जाते. पेशवाईत पेठा वसल्या त्याही वाटांच्या आधारानेच. मुंबईत पश्चिम द्रुतगती महामार्ग बांधला तो जुन्या घोडबंदर रस्त्यावरचा, म्हणजे आजच्या स्वामी विवेकानंद मार्गावरचा, भार उतरवायला. पूर्व द्रुतगती महामार्ग जुन्या आग्रा रस्त्याचा, म्हणजे लालबहादूर शास्त्री मार्गाचा. आज हे दोन्ही महामार्ग उपनगरांचे कणे आहेत आणि त्यांना द्रुतगती म्हणताना मुंबईकरालाही हसू येते. बंगळूरच्या बाह्य वर्तुळाकार रस्त्याचे तेच झाले. तिथे संगणक कंपन्यांची रांग लागली. तेव्हा हा निसर्गनियमच आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण याच देहूरोडजवळ, किवळ्याला, या निष्कर्षाला छेद देणारा पुरावा उभा आहे. तिथे दोन रस्ते एकमेकांना मिळतात. एक बायपास, दुसरा मुंबईहून आलेला साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग. दोन्ही साधारण एकाच काळात घडले, एकाच राज्यात, एकाच वाहतुकीसाठी. द्रुतगती मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, दुचाकी आणि तीनचाकीला मज्जाव आहे, आत-बाहेर करण्याच्या जागा मोजक्या आहेत. त्याच्यावरही भयंकर अपघात होतात, टोलबद्दल आणि घाटातल्या कोंडीबद्दल तक्रारी आहेत. पण त्याच्या कडेला टपऱ्या-दुकानांची रांग थेट उघडलेली नाही. तळेगाव वाढले, लोणावळा वाढला, पण ती वाढ रस्त्याला तोंड करून बसली नाही. दोन रस्त्यांच्या नशिबातला हा फरक कुंपणाचा आहे.

कुंपण घालण्याचा अधिकार सरकारकडे नव्हता असेही नाही. मुंबई महामार्ग अधिनियम १९५५ चा आहे आणि त्यात महामार्गाच्या मध्यापासून इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा आखण्याची तरतूद आहे: पहिल्या रेषेच्या आत बांधकाम नाही, दोन रेषांच्या मधे परवानगीशिवाय नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या जमिनीवर आणि त्यांच्यावर उघडणाऱ्या रस्त्यांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा २००२ चा आहे. इंग्लंडने तर नव्या रस्त्यांच्या कडांना माळेसारख्या वाढणाऱ्या वस्तीला आवर घालायला १९३५ सालीच कायदा केला होता. आपल्याकडचे रस्ते बांधणारे अभियंते ज्या पुस्तकांवर शिकले त्यांना हा धोका नवा नव्हता. मग रेषा कागदावर का राहिल्या? रस्ता एका खात्याचा, कडेची जमीन दुसऱ्याच्या अखत्यारीत, बांधकामाची परवानगी आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा ग्रामपंचायतीकडे आणि मग महापालिकेकडे, आणि सेवा रस्ता कोणाचा यावर पुन्हा पत्रव्यवहार. एकेका दुभाजकातली फट, एकेका पेट्रोलपंपाचा उतार, एकेका मंगल कार्यालयाची कमान यांना नकार द्यायचा तर त्या एकेकासाठी कोणीतरी वाईटपणा घ्यावा लागतो. मंजुरीचा लाभ एकाला लगेच मिळतो. नकाराचा लाभ लाखोंना मिळतो, पण कोणालाच जाणवत नाही. म्हणून हे काम एका अधिकाऱ्याच्या करारीपणावर सोडून भागत नाही, ते रस्त्याच्या रचनेतच बसवावे लागते. हैदराबादने शहराभोवती १५८ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता बांधताना हेच केले: प्रवेश मोजक्या ठिकाणी आणि कडेने सेवा रस्ते. तिथेही शहर रस्त्यापर्यंत आले आहे, नाही असे नाही. पण ते सेवा रस्त्यावर थांबते.

कुंपणाविरुद्धचा सगळ्यात भक्कम आक्षेप व्यापाऱ्यांचा नाही, तो गावकऱ्यांचा आहे, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. बायपास रानातून जातो म्हणजे कोणाच्या तरी रानाचे दोन तुकडे होतात. घर अलीकडे, विहीर पलीकडे. शाळा एका बाजूला, स्मशान दुसऱ्या. कुंपण घातले की गुरे घेऊन दोन किलोमीटरचा फेरा. अशा वेळी दुभाजक फोडून वाट पाडणाऱ्याला अडाणी ठरवणे सोपे आहे, पण त्याची गरज खरी असते आणि ती आखणी करणाऱ्याने आधी मोजायला हवी होती. गावागणिक ट्रॅक्टर आणि उसाची गाडी जाईल एवढा भुयारी मार्ग आणि दोन्ही बाजूंना सलग सेवा रस्ता पहिल्या दिवसापासून असेल तर कुंपण जाचक होत नाही. आपल्याकडे उलटे होते. आधी मुख्य रस्ता होतो, फीत कापली जाते, आणि सेवा रस्ता ‘दुसऱ्या टप्प्यात’ जातो. दुसरा टप्पा येईपर्यंत लोकांनी आपापल्या सोयीने पहिला टप्पा बदलून घेतलेला असतो. मोबदल्याबद्दलही हेच. ज्याची जमीन रस्त्याखाली गेली त्याला ठरलेला दर मिळतो, आणि त्याच्या शेजाऱ्याची जमीन रस्त्याला लागून आली म्हणून तिचा भाव कितीतरी पट चढतो. हा अन्याय ज्याला दिसतो तो उरलेल्या तुकड्यावर गाळे काढणारच. नगररचना योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते काढून, विकसित भूखंड सगळ्यांना वाटून देता येतात. म्हाळुंगे-माण भागात तशी योजना हाती घेतली गेली, तीही बायपासच्या अगदी शेजारी. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ सालचा आहे. साधन जुने आहे, ते रस्त्याच्या आधी वापरले जात नाही एवढेच.

नवा रस्ता नवी वाहने आणतो, तेव्हा बायपासने कोंडी सुटतच नाही, हा दुसरा आक्षेप. इंग्लंडमध्ये १९९४ साली सरकारने नेमलेल्या समितीनेच ही गोष्ट मान्य केली आणि पुण्याच्या पश्चिमेला ती डोळ्यांनी दिसते. हा आक्षेप बायपासवर शहराची रोजची ये-जा चालणार असेल तिथे पूर्ण लागू होतो. पण गुजरातहून कर्नाटकात जाणारा ट्रक पुण्याच्या रस्त्यामुळे जन्माला येत नाही. तो कुठून तरी जाणारच आहे. प्रश्न एवढाच की शाळा सुटताना शिवाजीनगरमधून, की रानातून. उलट बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. शहरातल्या सगळ्याच ट्रकांना बायपास बाहेर नेऊ शकत नाही, कारण पुष्कळांचे ठिकाण शहरातच असते. पेशवाईत वसलेल्या भवानी आणि नाना पेठेतला धान्याचा व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलवला तेव्हा गुलटेकडी शहराच्या कडेला होती. आज ती मध्यात आहे आणि मालाच्या गाड्या तिथे पोचायला शहर चिरत जातात. शिवाय पश्चिमेच्या बायपासने फक्त मुंबई आणि सातारा या दोन दिशा जोडल्या. नाशिक, नगर आणि सोलापूर हे तीन रस्ते पुण्यातच येऊन पडत राहिले. एका दिशेचे काम करून त्याला शहराचा बायपास म्हटले गेले, आणि मग बायपासने काय साधले असे विचारले गेले.

शहराबाहेर जाण्यापेक्षा शहरावरून जावे, असाही पर्याय सुचवला जातो. नाशिकने मुंबई-आग्रा महामार्गासाठी तेच केले. द्वारका चौकावरून जाणारा लांब उड्डाणपूल २०१३ मध्ये खुला झाला. जमीन कमी लागते, शेते तुटत नाहीत, आणि वरून जाणाऱ्याला कुंपणाची गरजच नसते. हे फायदे खरे आहेत. पण आवाज आणि धूर शहराच्या मध्यातच राहतो, खांबांनी खालचा रस्ता कायमचा आखडतो, आणि उद्या तो रुंद करायचा म्हटले तर जागा नसते. चौकाखाली जे उरते ते महामार्गही नसते आणि बाजाराचा रस्ताही.

यातून जुन्या रस्त्याकडे यावे लागते, कारण पुण्याच्या हिशेबातली जमेची बाजू तिथे आहे आणि ती कोणी मोजत नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बसला स्वतंत्र मार्गिका देणारी सेवा, प्रायोगिक तत्त्वावर धावली. तिच्या आखणीत दोष होते, थांबे रस्त्याच्या मधोमध होते, पादचाऱ्यांचे हाल झाले, टीका झाली आणि ती रास्त होती. पण ज्या सातारा रस्त्यावरून दक्षिण भारताची मालवाहतूक जात होती त्याच्या मधोमध बससाठी मार्गिका आखता आली, ही गोष्ट ट्रक बाहेर गेल्याशिवाय शक्यच नव्हती. उत्तरेला निगडी ते दापोडी हा जुना महामार्गही बसमार्गिकांचा झाला. आणि मग मेट्रो. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी सुरू झालेली मार्गिका सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोचली. तिची स्थानके वाचावीत: कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, बोपोडी, खडकी, शिवाजीनगर, स्वारगेट, पुढे कात्रजपर्यंतच्या विस्ताराला मंजुरी आहे. हा जुन्या राष्ट्रीय महामार्गाचाच नकाशा आहे. ज्या रेषेवर ट्रक होते त्या रेषेवर आता गाडी रुळांवरून, काही भागात जमिनीखालून जाते. बायपासमुळे शहराला मिळालेली ही खरी मिळकत. फक्त ती हातात घ्यायला शहराने इतकी वर्षे लावली की मधल्या काळात मोकळ्या झालेल्या जागेवर दुचाक्या आणि मोटारी बसल्या, आणि लोकांच्या लेखी बायपासने काहीच मोकळे केले नाही असा ग्रह झाला. ट्रक हटले त्याच वर्षी बसला मार्गिका दिली असती तर तिच्यासाठी भांडावे लागले नसते. वापरात असलेली जागा काढून घेणे आणि रिकामी जागा देणे यांत फार अंतर आहे.

पुण्याभोवती आता सुमारे १७० किलोमीटरचा, ११० मीटर रुंदीचा वर्तुळाकार रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला आहे. नाशिक, नगर आणि सोलापूर हे राहून गेलेले तीन रस्ते त्यात येतात, आणि प्रादेशिक आराखड्यात या कल्पनेची पाळेमुळे १९९७ पर्यंत जातात, म्हणजे पहिला बायपास शहरात शिरला त्याच वर्षापर्यंत. तो बांधावा का, याचे उत्तर वरच्या सगळ्या विवेचनात आहे: बांधावा, पूर्ण बांधावा, आणि भुयारी मार्ग, सेवा रस्ते आणि कुंपण यांच्यासकट एकाच टप्प्यात बांधावा. कडेच्या गावांच्या नगररचना योजना रस्त्याआधी मंजूर व्हाव्यात. आणि तो पुरा होईल त्या दिवशी आजच्या पश्चिम बायपासला महामार्गाच्या यादीतून काढून उघडपणे शहराचा रस्ता म्हणावे. त्याला पदपथ, सिग्नल आणि बस द्यावी, कारण तो शहराचा झाला आहे हे नाकारत राहण्यानेच नवले पुलाखाली माणसे मरतात. यातले किती होईल याचा अंदाज बांधायला सरकारी अहवालांपेक्षा रविवारच्या जाहिराती जास्त उपयोगी पडतात. मुळशी, मावळ, खेड, हवेली, भोर या तालुक्यांतल्या भूखंडांच्या जाहिराती तिथे असतात, एनए प्लॉट, सुलभ हप्ते, आणि खाली ठळक अक्षरांत ‘रिंग रोड टच’. रस्ता अजून पुरा व्हायचा आहे. त्याला चिकटून बसायला जागा मात्र विकायला निघाल्या आहेत.